माळ्याची खोली करण्याआधी आमच्या घराची तपासणी

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, गांधी गेटच्या आतल्या एका गल्लीत. आजेसासऱ्यांनी 1948 साली बांधलेलं. खाली चार लहान खोल्या, मागे पत्र्याखाली स्वयंपाकघर आणि मोरी, वर अख्ख्या घरभर पसरलेला माळा आणि त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. माळ्यावर आजवर राहत होत्या त्या गाद्या, गहू ठेवायच्या कोठ्या, लग्नकार्यातले मोठे गंज म्हणजे पातेली, आणि सासूबाईंची लोखंडी पेटी. माणसाने तिथे राहावं असं कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं.

ते आलं लेक पुण्याहून परतली तेव्हा. घरूनच नोकरी, दिवसभर मीटिंगा, आणि बसायला जागा म्हणजे देवघरासमोरची दोन फुटांची पट्टी. पाठीमागे कुकरची शिट्टी, समोर आजीचा टीव्ही. दोन महिने तिने तक्रार केली नाही, पण मला बघवत नव्हतं. माळा सोळा बाय चोवीस फुटांचा. एवढी जागा डोक्यावर रिकामी असताना पोरीने अशी अडचणीत का बसावं?

मिस्त्रीला बोलावलं. आमच्या गल्लीतली अर्धी घरं त्याच्या हातची. त्याने माळ्यावर चक्कर मारली, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "वहिनी, अठरा इंची भिंत हाय. हत्ती चढवा वर, काही होत नाही." त्याच्याकडे दोन तोडगे होते. पहिला स्वस्तातला: माळ्यात मध्येच पाच फुटांवर आडवी जाणारी दोन मोठी लाकडं कापून काढायची, म्हणजे डोकं लागणार नाही, आणि खाली फरशी बसवायची. दुसरा कायमचा: कवेलू उतरवायचे, भिंती चार फूट वर घ्यायच्या, स्लॅब टाकायचा आणि त्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी. आम्हाला दुसरा आवडला. दर जूनच्या आधी कवेलू फेरायची कटकट संपली असती. बयाण्याची रक्कमही ठरली होती.

माझा भाऊ अमरावतीला सरकारी बांधकामाच्या कामावर असतो. फोनवर सहज सांगितलं तर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, एक पैसा देऊ नको. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखव. आर्किटेक्टला नाही, ठेकेदाराला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला." त्यानेच एका मॅडमचा नंबर दिला. पहिली तपासणी, मोजमाप आणि लेखी अहवाल मिळून बारा हजार रुपये. खड्डा खोदायची मजुरी वेगळी. नवऱ्याला ते जास्त वाटले. मलाही वाटले, खोटं कशाला बोलू.

मॅडम मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसहाला आल्या. नऊनंतर कवेलूखाली उभं राहवत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वय पस्तीस-छत्तीस असेल. खांद्यावरच्या झोळीत टॉर्च, टेप, ओळंबा, पारदर्शक नळीची लेव्हल, लहान हातोडी आणि चक्क एक दाभण. आम्ही त्यांना जिन्याकडे नेऊ लागलो तर त्या म्हणाल्या, "माळा शेवटी बघू. मोरीचं पाणी कुठे जातं ते आधी दाखवा."

पुढचा पाऊण तास त्या घराबाहेरच फिरल्या. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, नाली कुठे तुंबते, जोत्याला ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, शेजारच्या अंगणातला कडुनिंब भिंतीपासून किती फुटांवर आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा आपल्याकडे किती आलं होतं, हेही विचारलं. घरात नव्हतं आलं, गल्लीत घोट्याएवढं होतं. त्यांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "वरचं वजन वाढवायचं म्हणजे ते शेवटी जमिनीत जाणार. म्हणून मी खालून वर जाते."

वायव्येच्या कोपऱ्यात खिडकीच्या वरच्या टोकापासून तिरकी वर गेलेली एक भेग आहे. आम्ही दर दिवाळीला ती पुट्टीने बुजवायचो आणि दर उन्हाळ्यात ती परत दिसायची. मॅडमनी पुट्टी खरवडून काढली, पत्त्यासारख्या एका पारदर्शक पट्टीवरच्या रेघा भेगेवर धरल्या आणि रुंदी घेतली: साडेतीन मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा केल्या, तारीख टाकली आणि काचेची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली. भेग हलली तर काच तडकेल. "आता ही पुट्टी नका लावू," त्या म्हणाल्या. "हिला पावसाळाभर बघायचंय."

पावसाळाभर! आम्हाला वाटलं होतं आठवड्यात होय किंवा नाही कळेल.

मग माळा. मिस्त्रीने थाप मारली होती ती खालच्या भिंतीवर. मॅडमनी माळ्यावरच्या लहान खिडकीच्या चौकटीत टेप धरला आणि मला वाचायला सांगितलं. नऊ इंच. खाली अठरा, वर नऊ. पन्नास वेळा त्या खिडकीतून गाद्या उन्हात टाकल्या, पण भिंत अर्धी झाली आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी किल्लीच्या टोकाने दोन विटांमधला सांधा खरवडला. भुसभुशीत माती खाली पडली. खाली येऊन दिवाणखान्यातला सांधा तसाच खरवडला, तिथे किल्लीचा नुसता ओरखडा उठला. खालचं काम चुन्यात, वरचं मातीत.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी सासू सांगायची, वरपर्यंत येता येता पैसे सरले होते. मग बाकीचं मातीतच उरकलं." हे वाक्य त्यांनी यापूर्वीही आम्हाला सांगितलं असेल. आम्ही ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी सासूबाईंना जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "आजी, कवेलू कुठे कुठे गळायचे?" सासूबाईंनी हात केला तो थेट वायव्य कोपऱ्याकडे. "तिथे. मी तिथे पंधरा-वीस वर्षं गंज ठेवून राहिली. देशी कवेलू होते तोवर. मंगलोरी घातले अन् मग थांबलं." मॅडम त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसल्या, फळ्यांच्या फटीतून टॉर्च मारला आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे दाभण टोचलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. इतर ठिकाणी दाभण दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडत होतं. सागवान, तेही जुनं. बल्लारशाचं, असं घरात नेहमी सांगितलं जायचं. इथे मात्र दाभण मुठीपर्यंत आत गेलं, ओल्या वडीत जावं तसं. बाहेर काढलं तेव्हा टोकाला काळपट चुरा चिकटलेला होता. बाहेरून त्या तुळईला काहीही झालेलं दिसत नव्हतं. हातोडीने वाजवलं तर मधोमध टणटण आवाज आणि टोकाशी येता येता बद्द. शेजारच्या दोन तुळयांचीही तीच गत, त्यातल्या एकीवर वाळवीच्या मातीची बारीक नळी भिंतीवरून चढलेली.

आमच्या घराच्या लांबीत मधून एक भिंत गेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांच्या, पाच बाय सात इंची, तीन-तीन फुटांवर टाकलेल्या एकूण चौदा तुळया. मॅडमनी अठ्ठावीसही टोकं टोचून पाहिली. तीन वाईट निघाली, तिन्ही जिथे गंज ठेवला जायचा त्याच्या पाच-सहा फुटांत. मला त्यांनी समजावलं ते असं: तुळईच्या मधल्या भागाची ताकद तुमच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण तुळई भिंतीवर टेकते ती सहा इंचांवर. ते सहा इंच विटांच्या आत, वारा नाही, ओल सुकत नाही, आणि कुणाला दिसत नाही. जुनं लाकडी घर जातं ते बहुतेक वेळा तिथूनच.

आता त्या दोन आडव्या लाकडांकडे येते, जी मिस्त्री कापणार होता.

आमच्या छपराला दोन कैच्या आहेत. दोन तिरकी लाकडं वर आढ्यापाशी भेटतात आणि त्यांच्या पायांना जोडणारी एक आडवी तुळई, भिंतीच्या माथ्यावर. माळ्याच्या फळ्यांपासून भिंत पाचच फूट वर गेलेली, म्हणून ती तुळई माळ्यात डोकं लागेल अशा उंचीवर आडवी येते. दिसायला ती नुसती अडचण. तिच्यावर काही ठेवलेलं नाही, ती कशाला आधार देताना दिसत नाही. आम्हीही तिचा उपयोग गोधड्या वाळत घालायला करायचो.

मॅडमनी आमच्या अंगणात पडलेली रंगाऱ्याची घोडी उघडून गुळगुळीत फरशीवर उभी केली. दोन पायांना बांधलेली दोरी ताणली गेली. "वर हात ठेवून दाबा." मी दाबलं, घोडी घट्ट उभी. मग त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा, अगदी हलकं, दाबायला सांगितलं. पाय दोन्हीकडे सरकले. "ती आडवी तुळई म्हणजे ही दोरी आहे. कवेलूंचं वजन वाशांना बाहेर ढकलतं, ही त्यांना धरून ठेवते. ही कापली तर तो सगळा रेटा कुणावर येणार? तुमच्या नऊ इंची, मातीतल्या भिंतीवर. ती बाहेर झुकायला लागेल, आणि पहिल्या मोठ्या पावसात किंवा वादळात छप्पर खाली बसेल."

माझा नवरा फरशीवर बसून घोडीकडे बघत राहिला. तीच लाकडं कापायला आम्ही मिस्त्रीला जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. मिस्त्री वाईट माणूस नाही, त्याने आम्हाला फसवलंही नाही. त्याने आयुष्यभर विटांची घरं बांधली, कैचीचं काम त्याच्या हाताखालून गेलंच नाही. पण खोलीत अडचण होणारं लाकूड कापण्याआधी ते तिथे का आहे हे विचारणारं कुणीतरी हवं होतं, आणि आमच्या घरात ते कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

खड्डा दुसऱ्या दिवशी खोदला, बाहेरून, भेगेच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर. तीन बाय तीन फुटांचा. कोपऱ्याला अगदी चिकटून कधीच उकरायचं नाही आणि एका वेळी एकच खड्डा, ही मॅडमची सक्त ताकीद. पहिला फूटभर भराव, मग काळी माती. मे महिना, त्यामुळे तिला बोट जाईल अशा भेगा. साडेतीन फुटांवर पायाचा दगड संपला, पण काळी माती चालूच. सव्वाचार फुटांवर पिवळट मुरूम लागला. म्हणजे या बाजूला आमचा पाया मुरुमापर्यंत पोचलाच नव्हता, नऊ इंच आधीच थांबला होता. पूर्वेकडे खोदलेल्या दुसऱ्या खड्ड्यात मात्र तीन फुटांवरच मुरूम मिळाला आणि पाया त्यावर नीट टेकलेला होता.

नागपूरची जमीन एकसारखी नाही हे मला त्या दिवशी नीट कळलं. पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकडीकडे, काळा बसाल्ट दगड. पूर्वेकडे खडक वेगळे, त्याहून पुष्कळ जुने, आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी मातीचे जाड थर. मॅडमचं माहेर धरमपेठेतलं, तिथे त्यांच्या घराला दोन फुटांवर कडक मुरूम लागला होता. इथे गल्लीतल्या दोन घरांचीही जमीन सारखी असेलच असं नाही, आमच्या तर एकाच घराच्या दोन कोपऱ्यांची नव्हती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. आमच्या घराचा एक कोपरा दरवर्षी त्या मातीबरोबर वर-खाली होत होता, बाकीचं घर मुरुमावर स्थिर. भेग पडायला आणखी काय हवं?

वजनाचा हिशेब मॅडमनी माझ्यासमोर, वहीच्या पानावर मांडला. रिपांसकट मंगलोरी कवेलू म्हणजे चौरस मीटरला साधारण 65 किलो. आमच्या उतरत्या छपराचं सगळं मिळून पावणेतीन टन. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला 300 किलोंच्या वर, म्हणजे तेवढ्याच घरावर अकरा टनांहून जास्त. त्यावर गिलावा, वॉटरप्रूफिंग. चार फूट वाढवलेल्या भिंतींच्या विटा वेगळ्या. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. आणि राहत्या खोलीत माणसं, कपाटं, सामान यांसाठी भारतीय मानक, आयएस 875, चौरस मीटरला 200 किलो धरायला सांगतं, म्हणजे आमच्या माळ्याला सात टन. आजवर तिथे गाद्या आणि गहू मिळून एक टनही नव्हतं.

"अठरा इंची भिंत हे वजन पेलेलही," त्या म्हणाल्या, "पण स्लॅब अठरा इंची भिंतीवर बसणारच नाहीये. तो बसणार नऊ इंची मातीच्या भिंतीवर." मग त्यांनी किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं. 30 सप्टेंबर 1993 ला तिथे इतकी माणसं का गेली? मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्या डोक्यावर मातीचं जड धाबं. नागपूर 2016 च्या भूकंप मानकात झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, पण सासूबाईंना 22 मे 1997 ची रात्र आठवते. जबलपूरला भूकंप झाला होता आणि इथे फळीवरची भांडी वाजली होती. कच्च्या भिंतीच्या डोक्यावर अकरा टन ठेवून मग झोन कमी आहे म्हणून निश्चिंत राहायचं, हे काही खरं नाही.

एक भानगड आमच्या ध्यानातच नव्हती. दक्षिणेची भिंत सामाईक आहे. आमच्या कैचीचं एक टोक त्या भिंतीवर आणि पलीकडून शेजारच्या काकूंच्या तुळया त्याच भिंतीत. ती भिंत वाढवायची किंवा तिच्यावर वजन टाकायचं तर त्यांचा लेखी होकार हवा, आणि त्यांच्या बाजूची टोकंही तपासायला हवीत. मी चहाच्या वेळी गेले, सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या मॅडमला आमच्याकडेही येऊ दे की." त्यांच्याकडे एक टोक खराब निघालं. त्यांनी ते आमच्याआधी दुरुस्त करून घेतलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. छप्पर उचलायचं, मजला वाढवायचा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे परवानगी लागते आणि राहत्या खोलीची उंची 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. आमच्या माळ्याला आढ्याखाली पावणेदहा फूट आहेत पण कडेला पाच. सरासरी सव्वासात-साडेसात फूट. तेव्हा आहे त्या छपराखाली कागदावर 'बेडरूम' होणं शक्य नव्हतं. माळा म्हणून वापरायला, दुरुस्त करायला अडचण नाही. हे आधी कळल्यामुळे नकाशा काढायचे पैसे वाचले.

पावसाळाभर भेग बघायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. मॅडमनी दिलेली पट्टी आणि एक डायरी. काच जूनच्या चौथ्या आठवड्यात तडकली. पहिला पाऊस पडून दहाच दिवस झाले होते. मला धस्स झालं, पण मोजलं तर भेग रुंद झाली नव्हती, मिटत होती. जुलैत दोन मिलिमीटर, ऑगस्टअखेर दीड, नोव्हेंबरात परत दोन. मॅडमना आकडे पाठवले तेव्हा त्यांना हायसं वाटल्याचं आवाजातच कळलं. भेग एकाच दिशेने वाढत जाती तर पाया खचतोय असा अर्थ झाला असता आणि मग माळा सोडाच, खालच्या खोल्यांचाच विचार करावा लागला असता. ही मातीबरोबर श्वास घेत होती. एका भेटीत हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्या पाच महिन्यांबद्दल मी सुरुवातीला चिडले होते, आता वाटतं बारा हजारांतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

अहवाल अकरा पानांचा आला. स्लॅब: नाही. कैचीला हात: नाही. पन्हळ आणि मोरीचं पाणी पाईपने थेट नालीत न्यायचं, घराभोवती तीन फूट रुंद कोबा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करायचा, म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजणार नाही आणि एकदम सुकणार नाही. तीन तुळयांची टोकं दुरुस्त करायची. हे झाल्यावर माळ्याचा चाचणी भार घ्यायचा. आणि पुढेमागे छप्पर उचलायचंच असेल तर एक मार्ग लिहिला आहे: लोखंडी खांब स्वतंत्र पायावर, मुरुमापर्यंत नेऊन, नवीन छपराचं वजन त्यांच्यावर, जुन्या भिंतींवर काही नाही. त्याचा खर्च सध्या आमच्या आवाक्याबाहेर आहे.

काम त्याच मिस्त्रीने केलं. मॅडमनी त्याला अहवाल वाचून दाखवला, दाभण त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याकडूनच ते टोक टोचून घेतलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे मी पाहिलं नव्हतं, वहिनी." खाली टेकू लावून एकेका तुळईचा सडका भाग कापला, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून आरपार बोल्ट मारले, भिंतीत टेकायला काँक्रीटची बैठक केली आणि टोकाभोवती बोटभर जागा हवेसाठी मोकळी ठेवली. वाळवीचं औषध वेगळ्या माणसाने केलं.

चाचणी जानेवारीत झाली. दुरुस्त केलेल्या तुळयांच्या भागात सहा बाय आठ फुटांची जागा आखली. चौरस मीटरला 200 किलोप्रमाणे तिथे नऊशे किलोंच्या आसपास वजन हवं होतं. वाळूची पोती चढवण्यापेक्षा पाण्याचे वीस लिटरचे जार बरे, म्हणून पंचेचाळीस जार मागवले. खाली टेकू तुळईपासून अर्धा इंच दूर ठेवलेले, काही झालंच तर अडवायला. तुळईखाली घड्याळासारखं डायल गेज लावलं. पाच-पाच जार चढत गेले, काटा हलत गेला. पंचेचाळिसाव्या जारला दोन मिलिमीटर. चोवीस तास तसंच ठेवलं, आम्ही त्या खोलीत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी काटा दोनच्या किंचित पुढे, आणि जार उतरवल्यावर जवळजवळ जागेवर. मॅडमनी वहीत लिहिलं, खाली सही केली आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बसून पोहे खाल्ले.

लेकीचं टेबल आता मधल्या खणात आहे, दोन कैच्यांच्या मध्ये. तिथे ती ताठ उभी राहू शकते. एका खणातून दुसऱ्यात जाताना वाकावं लागतं, त्या तुळयांवर जाड फोम गुंडाळला आहे. पुस्तकांची मांडणी मधल्या भिंतीच्या रेषेवर, कारण ती भिंत खाली जमिनीपर्यंत जाते. कूलरही तिथेच, आणि त्याची टाकी पूर्ण भरायची नाही, निम्मीच. कवेलूंच्या खाली बांबूच्या ताट्या आणि त्यावर हलकी उष्णतारोधक शीट मारली आहे. 47.9 अंश पाहिलेलं शहर आहे हे, मे महिन्यातल्या दुपारी तिला खाली यावं लागतं ते लागतंच.

खर्च तपासणी धरून एक लाख चाळीस हजारांच्या आत बसला. त्यातला निम्मा कोबा आणि पाण्याच्या पाईपांचा. टाकी जमिनीवरच राहिली. कोबा झाल्यानंतरचा पहिला उन्हाळा अजून जायचा आहे, म्हणून कोपऱ्यात नवी काच चिकटवली आहे आणि डायरी सासूबाईंच्या उशाशी असते. पुढचं माप 18 मे ला घ्यायचं, साडेतीनपेक्षा कमी भरतं का ते पाहायला मॅडम स्वतः येणार आहेत.